पेनड्राइव्हवर आक्का आहे का?

आमच्या घराण्यात पुराव्याशिवाय कोणतीही गोष्ट मान्य होत नाही. ही परंपरा मी स्वतः सुरू केली असून आजवर मी एकटाच ती पाळतो.

आप्पांची, म्हणजे वडिलांची, पंच्याहत्तरी लातूरला माझ्या थोरल्या भावाकडे होती. माहूरची आक्का, म्हणजे आप्पांची बहीण, गुडघ्यांमुळे येणार नव्हती. तिच्या आशीर्वादाचा व्हिडिओ मी नांदेडहून न्यायचा होता. आप्पांना बाकी कशाचंच कौतुक नव्हतं. रोज फोन!

"आक्का दिसंल ना रे पडद्यावर?"

"दिसंल म्हणजे? तपासूनच आणतो!"

त्यासाठी मी इमॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरात लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत कोडची एक ओळ लिहिली होती. (या भाषेत कंस फार. सवय लागली की सुटत नाही.) दिलेल्या नावाचं काही पेनड्राइव्हवर असेल तर उत्तर ‘टी’, नसेल तर ‘निल’. नाव ‘आक्का-आशीर्वाद’च हवं, एक अक्षर इकडंतिकडं नको, अशी घरात सक्त ताकीद होती.

निघताना ओळ चालवली. टी! बायकोला बोलावून दाखवलं.

"उघडून बघितलं का?"

"गरज काय? अस्तित्व सिद्ध झालंय!"

"मग आम्ही काय बोलावं!"

लातूरला हॉल भरलेला. आप्पा फेटा बांधून पहिल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. मी आधी माइकवर प्रोग्रामिंगबद्दल थोडंसं बोललो (भाऊ म्हणतो, थोडंसं नव्हतं) आणि क्लिक केलं. पडद्यावर आलं: हे फोल्डर रिकामं आहे.

"फोल्डर?" मी बायकोकडं बघितलं.

"मीच केलं. तुम्ही सांगितलं तेच नाव! म्हटलं, व्हिडिओ तुम्ही टाकताल त्यात."

आणि माझी ओळ फोल्डरलाही टीच म्हणते! आहे का, एवढंच मी विचारलं होतं. फाईल आहे का, हे विचारलंच नव्हतं. व्हिडिओ नांदेडला घरच्या कॉम्प्युटरवर सुखरूप होता.

"कोड बरोबरच हाय, आप्पा!" मी माइकवरून सांगितलं.

"हाव रे. पण आक्का न्हाई."

तेवढ्यात वहिनीनं आपला मोबाईल प्रोजेक्टरला जोडून माहूरला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर साक्षात आक्का!

"काय रे दत्त्या, फेटा कुणी बांधला? लई वाकडा हाय!"

आप्पा शाळकरी पोरासारखे फेटा सरळ करू लागले आणि मधेच डोळे पुसू लागले.

फाईल आणि फोल्डर वेगळे ओळखणारी ओळ मी दुसऱ्याच दिवशी लिहिली. ती अत्यंत बिनचूक चालते. आप्पांच्या ऐंशीचा कार्यक्रम वहिनीकडं दिलेला आहे. माझ्याकडं खुर्च्या आहेत.