पहाडावरचा हातपंप

नव्वदच्या दशकात मी कोरपन्यात हातपंप दुरुस्तीच्या कामावर होतो. अब्बांचं सायकलीचं दुकान, त्यामुळे पाना-पक्कड लहानपणापासून हाताच्या सवयीची. अख्ख्या तालुक्यात आम्ही तिघं. उन्हाळ्यात रोज पाठ धरायची, पण पंप बिघडल्याचे निरोप थांबत नसत.

पहाडावरच्या एका आदिवासी गावात एकच पंप होता आणि तो सारखा बिघडायचा. मी पोचेपर्यंत पंधरा-पंधरा दिवस जात. तोवर बाया खालच्या नाल्यात खड्डा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. एका मे महिन्यात, त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा, तिथं गेलो, तेव्हा पन्नाशीची एक बाई म्हणाली, "भाऊ, तुमी गेले का हा बंद पडते. मले शिकवा."

मला वैताग आला. शिकवायचं म्हणजे दुप्पट वेळ. तिनं मात्र माझ्या हातातला पाना घेतलाच. पुरुष बाजूला उभे राहून हसत होते. पाईप वर ओढायला तिनं त्यांनाच बोलावलं. निघताना मी तिच्याकडे दोन जादा वायसर ठेवले.

पावसाळ्यानंतर गेलो तर पंप चालू. झिजलेला वायसर तिनं स्वतः बदलला होता.

त्या वर्षी पाऊस मात्र कमी झाला होता. फाल्गुनातच पंप नुसती हवा ओढू लागला. ती बसनं माझ्या घरी आली, वायसर मागायला. मी सांगितलं की वायसरचा दोष नाही, खालचं पाणीच उतरलंय आणि आणखी पाईप टाकायला बोअरमध्ये जागा नाही. ती ओसरीवर टेकली.

"मंग मी शिकली काऊन?"



दुसऱ्या गावात नाला पोत्यांनी अडवलेला मी पाहिला होता. पुढचा पावसाळा सरत आला तशी बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती गोळा केली आणि बसच्या टपावर टाकून नेली. गावानं चार दिवस पोत्यांत रेती भरून नाल्यात बांध घातला. पाणी थांबलं, जमिनीत मुरलं आणि चैत्रापर्यंत पंप चालला. तिनं काठावर वांगी लावली, बाजारात विकली. वैशाखात पुन्हा बाया नाल्यात उतरल्याच.

बाजाराच्या दिवशी ती थोडी वांगी घेऊन घरी आली. बायकोनं चहा दिला. यंदा कसं गेलं, मी विचारलं.

"दोन महिने नाल्यात न उतरता घरी बसाले भेटलं, भाऊ," ती म्हणाली आणि टोपली उचलून बसकडे निघाली.