सरणातला ओंडका

माझ्या मागच्या पडवीत आंब्याचे ओंडके रचून ठेवलेत, ते माझ्या सरणासाठी. मुलगे गोव्यात कामाला. मी मेल्यावर झाड कोण तोडणार?

गेल्या उन्हाळ्यात आरोंद्याकडचा एक माणूस आला. तो युकुलेली करायचा, म्हणजे चार तारांची छोटी गिटार. परदेशी लाकडाच्या पुष्कळ केल्या, आता एक आंब्याची करून बघतो, म्हणाला. एकेका ओंडक्याची कड दातांत धरून तो बोटाने ठोकत होता.

"लाकूड खातस काय रे?" मी विचारलं.

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. "कान गेले, आये. आता दातांनी आयकतंय. दातय हलूक लागले. ह्या वाद्य शेवटचा."

त्याने एक ओंडका निवडला. ते सरण आहे, असं मी ओरडून सांगितलं. त्याने तो परत जागेवर ठेवला, वरची धूळही पुसली.

"व्हर रे, घेवन जा," मी म्हटलं. "एक कमी झालो म्हणान मी अर्धी जळान रवचंय नाय."

ओंडका स्कूटरला बांधताना तो म्हणाला, "झाला की वाजवून दाखवूक येतलंय."

"तवसर मी जिती रवलंय तर."

त्याची माझ्याकडे पाठ होती, त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.