धुराड्याची बंद झडप

यतिन घरांच्या फटी बुजवतो. इंजिनिअर माणसाने पुण्याहून सिडनीला येऊन हा उद्योग करावा, याचं त्याच्या बायकोला, नुपूरला, अजून हसू येतं. पण इथल्या विटांच्या घरांतून हिवाळ्यात ऊब पळून जाते हे यतिनला खपतच नाही. कुणाकडे जेवायला गेला तरी हा गृहस्थ उदबत्ती पेटवून खिडक्यांपाशी धरणार आणि धूर कुठे ओढला जातोय ते बघत बसणार. यजमानांना वाटतं, काय भाविक माणूस आहे.

जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, त्याने क्वेकर्स हिल या उपनगरातलं ओळखीच्या मेधाचं जुनं घर असंच हवाबंद करून दिलं. तिचा नवरा अवधूत डार्विनला गॅस प्लांटवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. एरवी मेधा आणि सहा वर्षांची लेक उर्वी, दोघीच. सगळ्यात मोठी गळती फायरप्लेसची होती. धुराड्याच्या तोंडाशी लोखंडी झडप असते, ती वर्षानुवर्षं उघडीच राहिलेली. यतिनने गंज खरवडला, दांडा फिरवून दाखवला आणि बजावलं, "आग पेटवलीस तर उघडायची. नसेल तेव्हा घट्ट बंद."

"आग कोण पेटवतंय, दादा? हीटर आहे की," मेधा म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "दादा, घर मस्त वॉर्म झालंय. पण संध्याकाळी हॉलमध्ये बसलं की मागे कुणीतरी येऊन उभं राहतं. उर्वीलाही जाणवतं. तिचं डोकं दुखतं, उलट्या होतात, मग अशी झोपते की हलवलं तरी उठत नाही. जीपी डॉक्टर म्हणाला व्हायरस."

यतिनचा भुताखेतांवर विश्वास नाही. एखादी फट राहिली असेल, वारा शीळ घालत असेल, असं मनाशी म्हणत तो दुसऱ्या दिवशी ऑफिसं सुटायच्या वेळी तिथे पोचला.

हॉल उबदार होता. उर्वी सोफ्यावर झोपली होती, गाल लालबुंद. यतिन उदबत्ती घेऊन अर्धा तास फिरला. धूर कुठेही हलेना, सरळ वर जाऊन तिथेच साचत होता. स्वतःच्या कामाचा त्याला अभिमान वाटला, आणि डोकं मात्र जड होत गेलं. मग अगदी पाठीशी कुणीतरी हाक मारली, "यतू."

या नावाने त्याला फक्त वडील हाक मारायचे, आणि त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

तो वळला. मेधा फायरप्लेसपाशी ओणवी बसली होती. "तुम्हालाही ऐकू आलं ना?" तिने शांतपणे विचारलं. तिच्यासमोर, बंद झडपेच्या बरोबर खाली, पितळी धुपाटणं होतं आणि त्यात बार्बेक्यूच्या कोळशांचे निखारे रसरसत होते.

"हे काय आहे?"

"धूप. आई गेल्यापासून रोज घालते."

"आग पेटवत नाहीस म्हणालीस ना?"

"धूप म्हणजे काय आग आहे का, दादा?"

निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, आणि त्याला बाहेर पडायची एकूण एक वाट यतिनने स्वतःच्या हातांनी बुजवलेली. त्याने उर्वीला उचललं, मेधाला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं आणि ट्रिपल झीरोला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. बऱ्याच वेळाने उर्वीने डोळे उघडले. "आय अ‍ॅम कोल्ड, मम्मा," ती पुटपुटली, आणि यतिनला चक्क रडू फुटलं.

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने मेधाला सगळं समजावलं. डोकेदुखी, भास, हाका, सगळं त्या वायूचं काम. ती घाबरली नाही.

"म्हणजे ती आई नव्हतीच?"

"नव्हती."

"मला तिकीट मिळेपर्यंत तिकडे आईचं सगळं उरकलं होतं, दादा. मग एका संध्याकाळी ती दारात दिसली. कोळसे वाढवले तशी जवळ आली." मेधा उर्वीचे केस सारखे करत होती. "काल तिने खांद्यावर हात ठेवला. म्हणून आज मी दुप्पट घातले."