गळक्या मोटेची वर्दी

माझी बायको मागच्या पोळ्याला गेली. लोक म्हणतात, भरलं आयुष्य जगली, रडू नको. मी रडणार, तुमाला काय करायचं? पण तिची आठवण आली की आधी हसू येतं, ते आमच्या गळक्या मोटेमुळं.

निजामाच्या वक्तातली गोष्ट. आमचं रान शिरड शहापूरकडं, ओढ्याच्या काठाला. बैल मोट ओढायचे, पाणी वर थारोळ्यात पडायचं, तिथून पाटानं हळदीला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. हळद पहिल्यांदाच लावली होती, बेणं तिनं माहेरून आणलेलं. त्या साली पाऊस दसऱ्याआधीच थांबला. ओढा बारीक झाला आणि हुकूम आला: रोज चाळीस मोटांच्या वर पाणी काढायचं न्हाई, खालच्या गावच्या जनावरांना राहिलं पाहिजे. किती मोटा काढल्या त्याची वर्दी रोज संध्याकाळी चावडीवर द्यायची.

हुकूम वाईट नव्हता. वाईट आमची मोट. वर येईस्तोवर निम्मी रिकामी व्हायची. चाळीस मोटांत निम्मे वाफे कोरडे, हळदीची पानं गुंडाळून राहिली.

मोजायचं काम बायकोचं. दर मोटेला ती जवारीचा एक दाणा बांधावर ठेवायची. संध्याकाळी जेवढे दाणे तेवढी वर्दी. एक दिवस दाणे भरले अकरा. मी बी शहाणा, चावडीवर अकरा सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी वर्दी तपासणारा गिरदावर साहेब रानात हजर.

"अकरा मोटांवर हळद? वाफ्यात थुंकून राहिले का तुमी?"

"बाकीच्या चिमण्यांनी खाल्ल्या, साहेब," बायको म्हणाली.

"मोटा?"

"दाणे."

साहेबाला काही उमजंना. मी सांगायला गेलो तर म्हणाला, "तू चूप. चाळीसच्या वर जात असशील. मोटच बंद करतो."

बायकोनं पदर खोचला. "मोट मोजता कुठं, साहेब? खाली का वर?"

"खाली गेली की एक मोट."

"मग जरा खाली येऊन हुबं राहा."

साहेब उतरला. "हाका अवं बैल!" ती मला ओरडली. मी हाकले. मोट डोक्यावरून गेली अन् साहेबाच्या टोपीपासून बुटापर्यंत धारा लागल्या.

"हे पाणी कुणाच्या नावानं लिवता?" ती वरून विचारती. "आमच्या का ओढ्याच्या?"

मला वाटलं, आता दोघं बी कोठडीत. साहेब नाक पुसत वर आला आणि हसायलाच लागला. "घागर आण, बाई."

मोट घागरीनं भरून पाहिली, बारा घागरी मावल्या. थारोळ्यात पडल्या सहा. साहेबानं वहीत लिहिलं: ह्या मोटेला ऐंशी फेरे मंजूर. "आणि दाण्यांऐवजी खडे ठेव, बाई. चिमण्या खडे खात न्हाईत."

हळद वाचली. पण आठ दिवसांत ओढ्यावरच्या सगळ्याच मोटा गळायला लागल्या. शेजाऱ्याच्या कोऱ्या मोटेला दाभणाची भोकं, एका रांगेत, गोधडी शिवावी तशी. साहेबानं त्याला अशा शिव्या घातल्या की बैल बुजले.

हळद विकून आमी नवी मोट घेतली. घरी आणताच ही म्हणाली, "चावडीवर सांगून या. आता चाळीसच."

"काहून? कोण पाहून राहिलं?"

"खालची जनावरं."

सांगून आलो. पाणी तेवढंच मिळालं, बैलांचे फेरे निम्मे झाले.

आता मोटार आली, बटन दाबलं की पाणी. ती घागर मात्र मी ठेवली. रोज सकाळी भरतो. एकट्याला एक घागर लई होते. उरलेलं तिनं परसात लावलेल्या हळदीला घालतो, तांब्यानं मोजून. संध्याकाळी वर्दी कुणाला द्यावी, तेवढं कळत न्हाई.