मेडिकलवाल्याची आई

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेडिकल आहे. तिथल्या काउंटरवरच्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याच्यावर माझा राग आहे.

आईला दम्याचा पंप देताना चष्मा कपाळावर सरकवून त्याने एका दमात सांगितलं, "आजी, आधी शेक करायचं, मग फुल एक्झेल करायचं, प्रेस करून इन्हेल करायचं आणि दहा सेकंद होल्ड करायचं." आई प्रत्येक शब्दाला मान डोलावत गेली. चारचौघांत 'कळलं नाही' म्हणायची तिला लाज वाटते. आठ दिवस ती पंप तोंडात धरून औषध आत ओढण्याऐवजी बाहेर फुंकत राहिली आणि धाप वाढत गेली.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी ते पकडलं. मी तिथून सरळ भांडायलाच गेलो.

तो फोनवर होता. गावी त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असावं. "आये, मान वर कर. एक थेंब घाल. आता डोळो मीट आणि धा मेरेन मोज," तो सावकाश सांगत होता. सांगताना त्याने स्वतःचेही डोळे मिटले होते आणि तिच्यासोबत दहापर्यंत मोजत होता.

त्याने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "माझ्या आईला असं सांगता आलं नाही तुम्हाला?"

"ती माझी आई आहे हो. गिऱ्हाइकाशी असं बोललं तर अडाणी समजतात."

मी त्याला वाट्टेल ते बोललो. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. ते आठही दिवस मी घरी आईसमोर उभा राहून ओरडत होतो, "आई, इन्हेल कर ना, इन्हेल."