विटकरीची पूड

मोताळ्याच्या आमच्या देवळातली चांदी दर सोमवारी घासणारा तो गृहस्थ फार हळुवार हाताचा, असं गावात कोणीही सांगेल. जुन्या समया, वाट्या तो रिठ्याच्या पाण्यात धुतो, धोतराच्या मऊ फडक्यानं टिपतो. देणाऱ्यांची कोरलेली नावं झिजू नयेत म्हणून अक्षरांवरून नुसतं बोट फिरवतो आणि शेजारी उभ्या असलेल्या मला अधूनमधून "समजलं ना, मास्तर?" असं विचारतो.

आरतीच्या ताटाला मात्र विटकरीची पूड. त्यावर 'गोदाबाईने वाहिले' असं कोरलेलं होतं. त्या नावावर तो दातओठ खाऊन अंगठा रगडायचा.

"इतकं काऊन घासून राह्यले?" मी एकदा विचारलं.

"नवरा मेल्यावर पाट लावला तिनं. असल्या बाईचं नाव देवापुढं कायले पायजे? पाणी टाका, मास्तर."

शाळेत मुलांकडून नव्या महाराष्ट्राची गाणी म्हणून घेणारा मी, मुकाट्यानं पाणी टाकलं. पुढेही टाकत राहिलो. स्वतःचे तोडे मोडून ते ताट घडवणारी गोदाबाई माझी सख्खी आत्या. घरानं तिला टाकलं होतं. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर पाण्याचा तांब्या माझ्याच हाती द्यायचा.

परवा मी ते ताट त्याच्याकडून हिसकावलं.

"मास्तर, चांदी का तुमच्या बापाची हाय?"

"माह्या आत्याची हाय!" देवळात जमलेल्या सगळ्यांदेखत मी ओरडलो.

तो फडकं पिळत शांतपणे म्हणाला, "मंग दाखवा ना नाव."

ताटावर आता नुसतं 'वाहिले' उरलं आहे.