चौथ्या नंबरची वाटी

बोंगसू मिस्त्रीचे हात चालतात त्याच्या दुप्पट त्याची जीभ चालते, हे गुर्योंगपो बंदरात त्याची बायको सुनए स्वतःच सगळ्यांना सांगायची. खोटं नव्हतं. गेल्या महिन्यात त्याचा मेहुणा, कप्तान दलह्योन, बोंगसूनं नव्यानं बांधून दिलेल्या बोटीच्या इंजिनाच्या तेलाचा तपासणी अहवाल घेऊन धापा टाकत आला होता.

"दाजी, तेलात लोखंडच लोखंड! इंजिन गेलं!"

बोंगसूनं अख्खा मासळीबाजार गोळा केला आणि मगच हसला. "अरे, नवा बूट चार दिवस पाय सोलणारच! रुळेपर्यंत इंजिनाचा कीस पडतो. तू माकूल पकड, कागद मी वाचतो." तेव्हापासून बंदर दलह्योनला 'लोखंडी कप्तान' म्हणू लागलं.

आज दुसरा अहवाल बोंगसूच्या खिशात होता. सकाळपासून पाचदा उलगडून झाला होता. लोखंड निम्म्यावर, तांबंही उतरलेलं. पण शिसं आणि कथील चढलं होतं. रुळणाऱ्या इंजिनात सगळेच धातू हळूहळू उतरतात. बाकीचे उतरत असताना हे दोघेच चढू लागले, तर फिरत्या दांड्याखालची, शिसं-कथलाच्या अस्तराची बेअरिंगची वाटी खरवडली जातेय.

कुठली वाटी, तेही त्याला ठाऊक होतं. चौथ्या नंबरची. नवी वेळेत आली नाही, हंगाम तोंडावर, दलह्योन डोक्यावर बसलेला. जुनीच पुसून बसवली आणि छाती ठोकून सांगितलं, सगळं नवं. खरं ठाऊक होतं ते एकट्या सुनएला.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" ती म्हणाली. "माझा भाऊ आहे त्या बोटीवर. आणि सहा माणसं."

दोघं धक्क्यावर आले, तेव्हा बोटीची पूजा मांडली होती. नैवेद्याला ठेवलेलं डुकराचं उकडलेलं मुंडकं मजेत हसत होतं, खलाशी तांदळाची दारू आणून ठेवत होते.

"दलह्योन, आज जाऊ नकोस. शिसं चढलंय," बोंगसू म्हणाला.

"ऐका रे, दाजी घाबरले!" कप्तानाला महिनाभर याचीच वाट होती. "दाजी, नवा बूट पाय सोलणारच ना? तुम्ही मासळी निवडा, कागद मी वाचतो!"

खलाशी पोट धरून हसले. बोंगसू इंजिनघरात उतरला, फिल्टर काढून आणला आणि पत्रा कापायच्या कात्रीनं चिरला. आतला कागद मुंडक्यापुढच्या पांढऱ्या कापडावर झटकला. काळ्या तेलात रुपेरी चुरा चमकला. त्यावरून त्यानं चुंबक फिरवलं. एक कण हलला नाही.

"लोखंड असतं तर चिकटलं असतं. ही वाटी आहे. चौथी. जुनी."

दलह्योननं चुरा बोटावर घेतला.

"नवी म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

दलह्योननं खिशातून इंजिनाची किल्ली काढली. बोंगसूनं हात पुढे केला होता. ती सुनएच्या हातात गेली.

"ताई, बोट जाणार नाही. इंजिन उघडायला वरच्या गल्लीतल्या मिस्त्रीला बोलाव."

पूजेचा पहिला पेला या बंदरात नेहमी मिस्त्रीला देतात. एका खलाशानं तो भरला, क्षणभर धरून ठेवला, आणि पाण्यात ओतून दिला.